घरातल्या मोठ्यांच्या हातची रेसिपी अंदाजातून ग्रॅममध्ये कशी आणायची

घरात वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या माणसाला "यात मीठ किती घातलंस?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "अंदाजाने". आपल्याला वाटतं सांगायचा कंटाळा केला, पण तसं नसतं, त्यांना आकड्यात खरंच माहीत नसतं. ते माप हातात बसलेलं असतं, आणि हाताला विचारता येत नाही. त्यामुळे वही-पेन घेऊन समोर बसायचं, त्या सांगतील तसं लिहून घ्यायचं आणि मग घरी करून बघायचं, हा प्रकार बहुतेक वेळा फसतो. सांगताना माणूस दोन पायऱ्या विसरतो, कारण त्याच्या लेखी त्या पायऱ्याच नसतात, गॅस बारीक केला, झाकण तिरकं ठेवलं, हे काय सांगायचं असं वाटतं त्यांना.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, विचारू नका, वजन करा. त्यांना त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या वेगाने करू द्या, मापाचा सगळा व्याप आपण घ्यायचा. खाली सगळी पद्धत लिहितेय, आई, आजी, मामा, काका, घरात ज्यांच्या हाताला चव आहे त्या कुणासाठीही चालेल.

आधी काय काय लागेल

फार काही नाही. एक डिजिटल वजनकाटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि ५ किलोपर्यंत वजन पेलणारा. मसाल्यांसाठी जमलं तर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, कारण मोठ्या काट्यावर २-३ ग्रॅम वजन नीट येत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम, मांस, अंडी, पाक, तळण यात त्याचा खरा उपयोग आहे. मोबाइल, तो टेकवून ठेवायला काहीतरी, वही, आणि चिकटवायला कागदी टेप.

मेजरिंग कप आणि चमचे चालतील, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. कप म्हणजे कुठे २४० मिली धरतात, कुठे २५०. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २०. टीस्पून तेवढा सगळीकडे ५ मिली. आणि पिठाचं तर विचारूच नका, तोच कप हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास, डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० पर्यंत जातो, म्हणजे चार कपांत जवळजवळ एका कपाचा फरक. ग्रॅममध्ये लिहिलं की ही भानगडच संपते.

पहिल्या दिवशी फक्त डबे तोलायचे

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. त्यांनी स्वयंपाकाला हात लावायच्या आधी, जे जे वापरणार आहेत ते सगळं, मिठाचा डबा, तेलाची बाटली, तिखट, साखर, पीठ, सगळं झाकणासकट तोलून घ्या, वजन कागदी टेपवर लिहून त्याच डब्याला चिकटवा. बस. मग त्यांना करू द्या. त्या मुठीने घेऊ देत, चमच्याने घेऊ देत, डबा थेट भांड्यात उपडा करू देत, आपण मध्ये काहीही बोलायचं नाही. झालं की पुन्हा सगळे डबे झाकणासकट तोला आणि वजाबाकी करा. मिठाचा डबा आधी ६१२ होता, आता ५९८ आला, म्हणजे १४ ग्रॅम मीठ गेलं. हात अजिबात थांबला नाही आणि आकडा मिळाला.

"थांब थांब, आधी वाटीत काढ, मी मोजते" असं केलं की माणूस सावध होतो. मग तो नेहमीसारखं घालत नाही, आपल्याला बरोबर वाटावं असं घालतो. शिवाय तंद्री मोडते आणि एखादी गोष्ट राहून जाते. त्यांची लय आहे तशी राहू देणं हेच आपलं मुख्य काम आहे.

मीठ दोनदा पडत असेल, आधी थोडं आणि शेवटी चाखून थोडं, तर मधे गुपचूप एकदा डबा तोलून घ्या. हे वेगवेगळं लिहायचं. शेवटी चाखून घातलेलं मीठ हा त्यांचा निर्णय असतो आणि तो दर वेळी बदलतो, सुरुवातीचं साधारण तेवढंच राहतं.

कांदा, टोमॅटो, भाज्या सोलून चिरून झाल्यावर तोला. "२ मध्यम कांदे" याला काही अर्थ नाही, एकाचा मध्यम म्हणजे ८० ग्रॅम, दुसऱ्याचा १५०. अंडं असेल तर मात्र नगावर लिहिलं तरी चालतं, मोठं अंडं कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅम भरतं.

आकडे आले की एक पडताळा करून बघा. बहुतेक तिखट-मिठाच्या पदार्थांत मीठ तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण १ टक्का असतं, थोडं इकडे तिकडे. १ किलो रश्श्यात १० ग्रॅमच्या आसपास. तुमचा हिशोब ४ टक्के दाखवत असेल तर कुठला तरी डबा चुकीचा तोलला गेलाय, किंवा झाकण एकदा होतं आणि एकदा नव्हतं. आणि मीठ बारीक की जाडं ते आवर्जून लिहा, बारीक मिठाचा सपाट टीस्पून ६ ग्रॅमच्या आसपास भरतो, जाड्या मिठाचा त्याहून बराच कमी.

चिमूट, मूठ, आणि "ती" वाटी

चिमूट मोजता येते. आजीला म्हणायचं, "या बशीत दहा चिमटी मीठ टाक, नेहमी टाकतेस तशीच." दहांचं वजन करायचं, दहाने भागायचं. हे करताना बोटांकडे नीट बघा. काहीजण दोन बोटांनी चिमूट घेतात, काहीजण अंगठा आणि दोन बोटं मिळून तीन बोटांनी, आणि दोन्हीत सहज दुप्पट-तिप्पट फरक पडतो. बऱ्याचदा एकच माणूस मिठाला तीन बोटं वापरतो आणि हळदीला दोन, आणि त्याचं त्यालाही ते कधी लक्षात आलेलं नसतं. मुठीचंही असंच, पाच मुठी तांदूळ वेगळे काढून तोलायचे आणि पाचाने भागायचं. एकदा हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की त्या माणसाच्या सगळ्या रेसिपींना कामी येतात, कारण "दोन मुठी, एक चिमूट" असं त्या जे काही सांगतील ते तुम्हाला लगेच ग्रॅममध्ये कळतं.

घरात एक ठरलेली वाटी किंवा पेला असतोच ज्याने सगळं मोजलं जातं. तो रिकामा काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. मग त्याच वाटीने तांदूळ, साखर, पीठ, त्यांच्याच हातून भरून, एकेकदा तोलून ठेवा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, १०० मिली तेल ९२ ग्रॅमच्या आसपास येतं, तेवढं लक्षात ठेवा. उद्या ती वाटी फुटली तरी माप शाबूत राहील.

"झालं" म्हणजे कधी झालं?

वजन मिळालं तरी निम्मी रेसिपी अजून बाकीच असते, आणि ती या एका प्रश्नात असते. कांदा परतायचं उदाहरण घेऊ, कारण जगात कुठेही गेलात तरी निम्म्याहून जास्त स्वयंपाक तिथूनच सुरू होतो.

कांदा तेलात पडला की मोठा चुरचुर आवाज येतो. तो पाण्याचा आवाज असतो, कांद्यातलं पाणी बाहेर येऊन त्याची वाफ होतेय. जोपर्यंत पाणी आहे तोपर्यंत कांदा १०० अंशांच्या फार वर जातच नाही, म्हणून तो मऊ होतो, पारदर्शक होतो, पण लाल होत नाही. मग हळूहळू आवाज बारीक होत जातो. पाणी संपत आलं की तापमान भराभर वर जातं आणि १४० अंशांच्या आसपास रंग आणि तो खमंग वास वेगाने यायला लागतो. लुई कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात. आईला हे नाव माहीत असायची गरज नाही, तिला आवाज माहीत असतो. पाठ फिरवून दुसरं काम करताना ती मध्येच वळून गॅस बारीक करते ना, ते आवाज ऐकूनच.

म्हणून मोबाइल गॅसपासून जरा लांब पण भांडं दिसेल आणि आवाज येईल असा ठेवा आणि पूर्ण वेळ व्हिडिओ चालू ठेवा, त्या वेळी पंखा आणि टीव्ही बंद. शक्यतो दिवसाउजेडी करा, पिवळ्या दिव्याखाली सगळंच लाल दिसतं. आणि त्यांनी जेव्हा जेव्हा काही बदल केला, गॅस कमी केला, पाणी घातलं, झाकण ठेवलं, की त्याच क्षणी एकच प्रश्न विचारायचा, "आत्ता का केलंस?" कशासाठी, किती वेळ, असलं काही नाही. "आत्ता का" याला उत्तर लगेच येतं, "कडेने तेल दिसायला लागलं ना", "वास बदलला", "चमचा जड लागायला लागला". हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, सुधारू नका. व्हिडिओत वेळ आपोआप येतोच, नंतर दोन्ही जोडायचं: "चमचा जड लागेपर्यंत, साधारण ७ मिनिटं". आधी खूण, मग वेळ. उलटं लिहू नका, कारण दुसऱ्याचा गॅस, दुसऱ्याचं भांडं, वेळ बदलणारच.

भांडं कसलं, किती रुंद, तळ जाड की पातळ, गॅस की इंडक्शन, हेही लिहा. आणि तुम्ही उंचावर राहत असाल तर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी, त्यामुळे कडधान्यं शिजायला वेळ लागतो. प्रेशर कुकरमध्ये आतलं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणून त्यात हा त्रास बराच कमी होतो.

भांड्याचं वजन, ही फार कामाची युक्ती आहे

रिकामं भांडं आधीच तोलून ठेवा. पदार्थ पूर्ण झाला की भांड्यासकट तोला, काट्यावर लाकडी पाट ठेवून आणि काटा शून्य करून, नाहीतर गरम भांड्याने काटा खराब होतो. रिकाम्या भांड्याचं वजन वजा केलं की तयार पदार्थ किती भरला ते कळलं. रस्सा किती दाट, सूप किती आटवलेलं, हे शब्दात सांगताच येत नाही, पण "सगळं मिळून १,९०० ग्रॅम घातलं होतं, उतरवलं तेव्हा १,४५० होतं" असं लिहिलं की पुढच्याला काही विचारायची गरजच उरत नाही. तुमचं १,६०० आलं तर अजून आटवा, १,३०० आलं तर उकळतं पाणी घाला. "माझं पाणचट होतं, तिचं होत नाही" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

दुसऱ्यांदा हात तुमचे, तोंड त्यांचं

थोड्या दिवसांनी तोच पदार्थ तुम्ही करायचा, लिहिलेल्या आकड्यांनी, आणि त्यांनी खुर्चीत बसून बघायचं. हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. पहिल्या दिवशी जे जे सुटलं होतं ते सगळं इथे बाहेर येतं, "अगं एवढ्या जोरात नको ढवळूस", "झाकण पूर्ण नको लावू". हे सगळं वहीत जातं. मग तिसऱ्यांदा वही अशा कुणाच्या तरी हातात द्या ज्याने तो पदार्थ कधी केलेला नाही, आणि तुम्ही खोलीतून बाहेर जा. तो जिथे अडेल तिथे रेसिपी अपुरी आहे असं समजायचं.

चव जुळत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. मीठ, आंबट आणि आच तिन्ही एकदम बदललं की कशाने सुधारलं ते कळतच नाही.

प्रमाण वाढवताना एक लक्षात ठेवा, जिन्नस दुप्पट होतात पण वाफ दुप्पट होत नाही, कारण भांड्याचं तोंड तेवढंच असतं. म्हणून पाणी दुप्पटीपेक्षा कमी लागतं. तिखट आणि उग्र मसाले आधी दीडपट घाला, मग चाखून ठरवा. कांदा एकाच भांड्यात दुप्पट घातला तर तो परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात शिजतो, त्यामुळे दोन खेपांत करा. केकच्या गोल भांड्याला क्षेत्रफळाचा हिशोब लागतो, २० सेंटीमीटरवरून २५ वर गेलात तर मिश्रण सव्वापट लागेल असं वाटतं, पण दीडपटीहून जास्त लागतं.

गप्पा पण लिहून घ्या

हे शेवटी करू म्हणून राहून जातं, म्हणून पहिल्याच दिवशी करा. पण मुलाखतीसारखं समोर बसून नाही, भाजी निवडताना, शेंगा सोलताना. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो. "तुझ्या लहानपणीची एखादी आठवण सांग" असं म्हटलं की काही सुचत नाही त्यांना. बारीक विचारा, तुमच्या घरी चूल कोण पेटवायचं, पाहुणे अचानक आले की काय करायचीस, आजारपणात काय मिळायचं, कुठली गोष्ट फक्त कुणाकुणाच्याच हातची चांगली व्हायची, पैसे नसायचे तेव्हा कशाऐवजी काय घालायचात. शेवटच्या प्रश्नातून तर कधीकधी आख्खी रेसिपी उलगडते, आज ज्याला आपण घरची खासियत म्हणतो ती गोष्ट तेव्हा तडजोड म्हणून आलेली असते. एखादी गोष्ट सांगताना त्या गप्प झाल्या तर गप्प बसू द्या, लगेच पुढचा प्रश्न नको. आणि रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी त्यांना सांगा, परवानगी घ्या, घरचं माणूस असलं तरी.

माणूसच नसेल तर

तेव्हा पदार्थ खाल्लेली माणसं शोधायची, जितकी मिळतील तितकी. आठवतंय त्यातल्या सगळ्यात जवळच्या रेसिपीने एकदा करा, छोट्या वाट्यांत वाटून घ्या, आणि प्रत्येक वाटीत एकच गोष्ट बदला, एकीत थोडं आंबट, एकीत गोड, एकीत जास्त भाजलेला मसाला. सगळ्यांना एकत्र बसवून चाखायला द्या, पण मत आधी कागदावर लिहायला सांगा, नाहीतर घरातला मोठ्या आवाजाचा माणूस जे म्हणेल तेच सगळ्यांना आठवायला लागतं. "तशी लागतेय का?" असं नका विचारू. मीठ, आंबट, गोड, तिखट, वास, आणि दाताखाली कसं लागतंय, हे वेगवेगळं विचारा. त्यांची भांडी कुणाकडे असतील तर मागून आणा, जाड बुडाच्या लोखंडी भांड्यात भाजलेलं आणि नॉनस्टिकमध्ये भाजलेलं एकसारखं लागत नाही.

जुनी हस्तलिखित वही असेल तर तिचे फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय (स्कॅन किती बारकाईने करायचं त्याचा आकडा), शाई फिकट असेल तर ६००. पानांवरचे तेलाचे डाग खरवडू नका, डागाळलेलं पान म्हणजे जास्त वापरलेलं पान, सुरुवात तिथूनच करा. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका, ते परत कधीच काढता येत नाही, साधी चिकटपट्टीसुद्धा नको, ती पिवळी पडून कागद खाते. मूळ वही स्वयंपाकघरात ठेवूच नका, वाफ आणि तेल दोन्ही तिचे शत्रू, कपाटात आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात ठेवा आणि स्वयंपाकघरात तिची प्रत वापरा.

जुन्या रेसिपीत काय बदलावंच लागतं

चवीला हात लावू नका, पण सुरक्षितपणा तपासा. जागतिक आरोग्य संघटनेचे सुरक्षित अन्नाचे पाच नियम बऱ्याच भाषांत फुकट मिळतात, ते छापून भिंतीला लावण्यासारखे आहेत: स्वच्छता, कच्चं आणि शिजलेलं वेगळं, नीट शिजवणं, योग्य तापमानाला ठेवणं, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित असणं. शिजलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर नको, थंड ठेवायचं ते ५ अंशांच्या खाली, गरम ठेवायचं ते ६० च्या वर, आणि शिजवताना आतपर्यंत निदान ७० अंश. भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका, त्यातल्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेलं त्यांचं रूप, शिजवूनही मरत नाहीत.

टिकवणीचे पदार्थ असतील तर जास्त काळजी घ्या. हवाबंद बरणीत, कमी आंबट पदार्थात बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात, त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्याने जात नाहीत, आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली असेल तरच ते दबून राहतात. म्हणून अशा रेसिपीत "मीठ कमी करू, व्हिनेगर कमी करू" असले प्रयोग मनाने करू नका. तेलात बुडवलेला कच्चा लसूण फ्रीजमध्येच ठेवा आणि ३-४ दिवसांत संपवा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा असं जुन्या वहीत लिहिलेलं असलं तरी देऊ नका, त्याचं कारणही हेच जंतू आहेत.

ठेवायचं कुठे

रेसिपी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, पीडीएफही करून ठेवा. कुठलंही रेसिपी अॅप वापरा, पण त्यातून सगळं बाहेर काढता येतं का हे आधी बघा, अॅप बंद पडलं की आतलं सगळं जातं. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग पदार्थ आणि कुणाच्या हातचा, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर किंवा बहिणीकडे. व्हिडिओ मोठे होतात म्हणून कापायचे असतील तर कापा, पण आवाजाची पूर्ण फाइल वेगळी काढून ठेवा, ती छोटी असते. आणि एक छापील प्रत ज्यांची रेसिपी आहे त्यांच्या हातात द्या, पेन्सिल सोबत देऊन, त्या वाचताना दुरुस्त्या करतातच, आणि त्या दुरुस्त्या पुढच्या प्रतीत घ्यायच्या.